शेल स्क्रिप्टमधील मजकुराची मांडणी

शेल स्क्रिप्टमधील मजकुराची मांडणी म्हणजे युनिक्स व तत्सम संचालन प्रणालींवर शेलच्या आज्ञावलीतून बाहेर पडणारा मजकूर ठरावीक रुंदीच्या रकान्यांत, ठरावीक दशांश स्थळांसह आणि ठरावीक ओळींत बसवण्याचे तंत्र होय. या कामासाठी मुख्यतः प्रिंटएफ ही आज्ञा वापरली जाते. तिच्या जोडीला एको, कॉलम, ऑक, सेड, फोल्ड, टीपुट इत्यादी साधने असतात. हे तंत्र रोमन लिपीतील मजकुरासाठी घडले. त्यात एक अक्षर, एक बाइट आणि पडद्यावरील एक घर ही तिन्ही मापे एकच मानलेली होती. देवनागरीत ही तिन्ही मापे वेगवेगळी असल्याने मराठी मजकुराचे तक्ते वाकडे होतात आणि नावे भलत्याच ठिकाणी तुटतात. प्रस्तुत लेखात या बाबीचा विशेष विचार केला आहे.

प्रत्यक्ष वापरात येथील सर्व आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. लेखात त्यांची नावे उच्चारानुसार दिली आहेत.

== एको ते प्रिंटएफ ==

युनिक्सचा विकास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दिलेला मजकूर जसाच्या तसा छापणारी एको ही आज्ञा या प्रणालीच्या अगदी आरंभीच्या काळापासून आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला आणि शेलमध्ये लहानमोठ्या आज्ञावली लिहिण्याची पद्धत रूढ झाली.

पुढे युनिक्सच्या शाखा फुटल्या आणि एकोच्या वागण्यात फरक पडला. एका शाखेत 'उणे एन' हा पर्याय दिल्यास ओळीच्या शेवटी नवी ओळ सुरू होत नसे. सिस्टिम फाइव्ह या शाखेत तो पर्याय नव्हता. तेथे मजकुरातील उलट्या तिरक्या रेघेला विशेष अर्थ होता. त्यामुळे एकच स्क्रिप्ट दोन यंत्रांवर दोन प्रकारे छापू लागली. पॉसिक्स मानक तयार करताना ही भिन्नता मिटवणे शक्य झाले नाही, म्हणून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या शेल व उपयुक्त आज्ञांच्या मानकात प्रिंटएफ ही स्वतंत्र आज्ञा समाविष्ट करण्यात आली. तिचे नाव आणि रचना सी भाषेतील त्याच नावाच्या फलनावरून घेतलेली आहे. आजही डॅश या शेलमधील एको उलट्या तिरक्या रेघेचा अर्थ लावतो, तर बॅशमधील एको मूळ स्थितीत तसे करत नाही. एखाद्या चलात काय साठवलेले आहे याची खात्री नसेल तेथे एको न वापरलेलाच बरा.

== प्रिंटएफची रचना ==

प्रिंटएफला प्रथम एक साचा द्यावा लागतो व त्यानंतर साच्यात भरावयाच्या किमती द्याव्या लागतात. साच्यात टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या जागा असतात. टक्केचिन्हापुढे 'एस' असल्यास तेथे मजकूर, 'डी' असल्यास पूर्णांक आणि 'एफ' असल्यास दशांश संख्या बसते. टक्केचिन्ह व अक्षर यांच्यामध्ये आकडा दिल्यास तो रकान्याची किमान रुंदी ठरवतो. मजकूर त्याहून लहान असेल तर डावीकडे मोकळ्या जागा भरल्या जातात. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर त्या उजवीकडे भरल्या जातात. टिंबानंतर आलेला आकडा मजकुराची कमाल लांबी किंवा दशांश स्थळांची संख्या सांगतो. रुंदीच्या जागी तारकाचिन्ह दिल्यास ती रुंदी पुढील किमतीतून घेतली जाते.

किमती साच्यातील जागांपेक्षा अधिक असल्या तर प्रिंटएफ तोच साचा पुन्हा वापरते. दोन जागांच्या साच्याला वीस शब्द दिले की दहा ओळी छापल्या जातात आणि त्यासाठी वेगळे आवर्तन लिहावे लागत नाही.

साच्याच्या जागी बाहेरून आलेला मजकूर कधीही ठेवू नये. '१००% अनुदान' असा मजकूर चलात असेल आणि तो चल थेट साचा म्हणून दिला तर प्रिंटएफ टक्केचिन्हापुढील मजकुराला आज्ञा समजते व चूक दाखवते. साचा नेहमी 'टक्केचिन्ह आणि एस' असा ठेवून मजकूर किंमत म्हणून द्यावा. हा नियम नवशिक्यांना अनावश्यक वाटतो. यादीत पहिले टक्केचिन्ह येईपर्यंत त्याची गरज भासत नाही हे त्याचे कारण.

== तीन मापे ==

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या गावाचे नाव उंब्रज असे आहे. या लहानशा शब्दात अनुस्वारही आहे आणि जोडाक्षरही आहे, म्हणून मोजमापाच्या अडचणी समजून घेण्यास तो सोयीचा आहे. मराठी वाचक त्यात उं, ब्र आणि ज अशी तीन अक्षरे मोजेल. युनिकोडमध्ये मात्र हा शब्द उ, अनुस्वार, ब, पाय मोडण्याचे चिन्ह, र आणि ज अशा सहा संकेतांकांनी लिहिला जातो.

हे संकेतांक साठवण्यासाठी आज सर्वत्र यूटीएफ-८ ही पद्धत वापरली जाते. ती केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये तयार केली. तिचा पहिला आराखडा न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात ताटाखाली ठेवायच्या कागदावर लिहिला गेला. या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात. त्यामुळे उंब्रज हा शब्द अठरा बाइटांचा होतो.

तिसरे माप पडद्याचे आहे. टर्मिनलचा पडदा चौकटीच्या वहीसारखा घरांमध्ये विभागलेला असतो. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर एका ओळीत ८० घरे व अशा २४ ओळी होत्या, आणि आजच्या खिडकीतील टर्मिनल आज्ञावल्याही त्याच कल्पनेवर चालतात. कोणत्या संकेतांकाला किती घरे लागतात हे सी भाषेतील डब्ल्यूसीविड्थ या फलनातून कळते. लिनक्सवरील प्रचलित सी ग्रंथालयानुसार देवनागरीतील व्यंजन व स्वर यांना एक घर लागते. अनुस्वार, चंद्रबिंदू, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना घर लागत नाही, कारण ती अक्षराच्या वर किंवा खाली बसतात. काना, वेलांटी, काना-मात्रा व विसर्ग यांना मात्र प्रत्येकी एक घर लागते. या हिशेबाने उंब्रजला चार घरे लागतात.

म्हणजे एकाच शब्दाची लांबी तीन अक्षरे, सहा संकेतांक, अठरा बाइट किंवा चार घरे अशी चार प्रकारे सांगता येते आणि चारही उत्तरे बरोबर आहेत. डब्ल्यूसी ही मोजणी करणारी आज्ञा यांपैकी तीन उत्तरे देऊ शकते. 'उणे सी' या पर्यायाने बाइट, 'उणे एम' या पर्यायाने संकेतांक आणि तिच्या जीएनयू आवृत्तीत मोठ्या 'एल' या पर्यायाने घरे मिळतात. ओळीच्या शेवटचे चिन्ह पहिल्या दोन मोजण्यांत धरले जाते हे लक्षात ठेवावे लागते. अक्षरांची संख्या सांगणारा पर्याय तिच्यात नाही.

अक्षर कोठे संपते याचे नियम युनिकोडच्या एकोणतिसाव्या परिशिष्टात दिले आहेत. तेथेही देवनागरीतील जोडाक्षर बराच काळ दुर्लक्षित होते. जुन्या नियमांनुसार उंब्रजचे उं, ब्, र, ज असे चार तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत ब्र हे जोडाक्षर एकसंध धरणारा नियम जोडला गेला आणि यंत्राचे उत्तर वाचकाच्या तीन या उत्तराशी जुळले.

== अकरा मारुतींची यादी ==

रुंदीचा नियम प्रत्यक्षात काय करतो हे एका यादीवरून स्पष्ट होते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रज येथे आहे. चाफळला दोन मारुती असल्यामुळे गावांची नावे दहा होतात. पहिल्या रकान्यात गाव व दुसऱ्या रकान्यात जिल्हा अशी यादी छापायची असून पहिल्या रकान्याची रुंदी २० ठेवली आहे असे समजू. डावीकडून मांडणीसाठी साच्यात टक्केचिन्ह, उणे चिन्ह, २० हा आकडा व एस असे लिहिले जाते.

पॉसिक्स मानकानुसार प्रिंटएफ आज्ञेतील रुंदी बाइटमध्ये मोजायची असते. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला व १९८९ साली आलेला बॅश, तसेच डॅश, याच नियमाने चालतात. झेड-शेल हा शेल मात्र संकेतांक मोजतो. पुढील तक्त्यात शेवटचे दोन रकाने, जिल्ह्याचे नाव सुरू होण्यापूर्वी पडद्यावर किती घरे व्यापली जातात ते दाखवतात. मांडणी नीट असती तर दोन्ही रकान्यांत सर्वत्र २० हाच आकडा आला असता.

| गाव | जिल्हा | संकेतांक | बाइट | घरे | बॅश | झेड-शेल |
|---|---|---|---|---|---|---|
| शहापूर | सातारा | ६ | १८ | ५ | ७ | १९ |
| मसूर | सातारा | ४ | १२ | ३ | ११ | १९ |
| चाफळ | सातारा | ४ | १२ | ४ | १२ | २० |
| शिंगणवाडी | सातारा | ९ | २७ | ८ | ८ | १९ |
| उंब्रज | सातारा | ६ | १८ | ४ | ६ | १८ |
| माजगाव | सातारा | ६ | १८ | ६ | ८ | २० |
| बहे | सांगली | ३ | ९ | २ | १३ | १९ |
| शिराळे | सांगली | ६ | १८ | ५ | ७ | १९ |
| मनपाडळे | कोल्हापूर | ७ | २१ | ६ | ६ | १९ |
| पारगाव | कोल्हापूर | ६ | १८ | ६ | ८ | २० |

बॅशमध्ये दुसरा रकाना सहा घरांपासून तेरा घरांपर्यंत कोठेही सुरू होतो. त्यातही क्रम उलटा आहे. बहे हे सर्वांत लहान नाव आपल्या जिल्ह्याला सर्वांत दूर ढकलते, कारण त्याच्या नऊ बाइटांपुढे अकरा मोकळ्या जागा भरल्या जातात. शिंगणवाडी व मनपाडळे यांचे बाइट वीसहून अधिक असल्याने तेथे एकही मोकळी जागा भरली जात नाही आणि 'शिंगणवाडीसातारा', 'मनपाडळेकोल्हापूर' असे जोडशब्द तयार होतात. रुंदी ३० केली तरी ओळी सरळ होत नाहीत. नावे चिकटणे थांबते इतकेच.

झेड-शेलमधील चूक लहान, पण फसवी आहे. १८ ते २० घरांमधील फरक चटकन दिसत नाही आणि नावात उकार, मात्रा, अनुस्वार किंवा जोडाक्षर नसेल तर तो मुळीच नसतो. चाफळ, माजगाव व पारगाव या तीन नावांवर चाचणी घेतलेली स्क्रिप्ट निर्दोष ठरेल. उंब्रज यादीत आले की ती दोन घरांनी घसरते.

ऑक भाषेतील प्रिंटएफही यातून सुटत नाही. जीएनयू ऑक यूटीएफ-८ लोकेलमध्ये संकेतांक मोजते, तर डेबियनमध्ये मूळ बसवणीत येणारी मॉक ही आवृत्ती बाइट मोजत आली आहे. एकच ऑक आज्ञावली दोन संगणकांवर दोन प्रकारचे तक्ते देते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

== नाव कापले जाणे ==

वाकडा तक्ता डोळ्यांना खटकतो, म्हणून तो दुरुस्त होतो. कमाल लांबी ठरवून मजकूर कापला जातो तेव्हा चूक दिसेलच असे नाही. टिंबानंतर १२ हा आकडा दिल्यास बॅशमधील प्रिंटएफ मजकुराचे पहिले बारा बाइट ठेवते. माधवी हे नाव म, काना, ध, व, वेलांटी अशा पाच संकेतांकांचे म्हणजे पंधरा बाइटांचे आहे. बारा बाइटांवर कापल्यावर माधव उरते. यंत्र कोणतीही सूचना देत नाही, पडद्यावर तुटलेले चिन्ह दिसत नाही, आणि यादीतील स्त्रीच्या जागी पुरुषाचे नाव छापले जाते. रोमन लिपीत शेवटचे अक्षर गळाले तर नाव अपुरे वाटते. मराठीत काना-वेलांटी गळाल्यावर उरणारा शब्द अनेकदा दुसरा पूर्ण शब्द असतो. कराडचे करा होते.

आकडा तीनच्या पटीत नसेल तर आणखी एक प्रकार घडतो. उंब्रज दहा बाइटांवर कापल्यास उंब एवढे पूर्ण येते व पुढील चिन्हाचा एकच बाइट शिल्लक राहतो. असा सुटा बाइट यूटीएफ-८ मध्ये अवैध असतो, म्हणून टर्मिनल त्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट दाखवते. ही चूक निदान स्वतःला जाहीर तरी करते.

बॅशमधील चलाचा तुकडा काढण्याची सोय यूटीएफ-८ लोकेलमध्ये संकेतांक मोजते, त्यामुळे तेथे अवैध बाइट उरत नाहीत. तरीही उंब्रजचे पहिले चार संकेतांक मागितले तर 'उंब्' असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो. कट या आज्ञेच्या जीएनयू आवृत्तीत अक्षरे निवडण्याचा पर्याय दीर्घकाळ बाइट निवडत आला आहे. काही वितरणांनी त्यावर स्वतंत्र दुरुस्ती चढवलेली असते. परिच्छेदाच्या ओळी पाडणाऱ्या फोल्ड व एफएमटी या आज्ञांचीही बराच काळ हीच स्थिती होती. एफएमटीची मूळ रुंदी ७५ असल्याने तिच्यातून गेलेल्या मराठी परिच्छेदाच्या ओळी जेमतेम पंचवीस संकेतांकांच्या होतात आणि पान उजवीकडे रिकामे राहते.

व्यक्तींची नावे असलेल्या यादीत नाव कापू नये हाच सुरक्षित मार्ग आहे. रकाना मोठा करता येतो किंवा नाव पुढील ओळीवर नेता येते.

== उपाय ==

तक्ता टर्मिनलवर दाखवायचा असेल तर सर्वांत सोपे साधन कॉलम ही आज्ञा आहे. तिला 'उणे टी' हा पर्याय दिल्यास ती सर्व ओळी वाचून प्रत्येक रकान्यातील सर्वांत रुंद मजकूर शोधते व त्याप्रमाणे रकाने लावते. लिनक्सवर युटिल-लिनक्स या संचातून येणारी तिची आवृत्ती घरे मोजते. वरील यादी तिच्यातून नेल्यास सर्व जिल्हे एका रेषेत येतात. मूळ स्थितीत मात्र ती मोकळी जागा हाच रकान्यांचा विभाजक मानते, म्हणून 'बत्तीस शिराळा' असे दोन शब्दांचे नाव आले की दोन रकाने होतात. विभाजक म्हणून टॅब किंवा उभी रेघ द्यावी. सगळी माहिती वाचून झाल्याशिवाय ती काहीच छापत नाही, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या कामाची प्रगती ओळीओळीने दाखवण्यास ती उपयोगी नाही.

ओळीओळीने छापायचे असल्यास मोकळ्या जागांचा हिशेब स्क्रिप्टने स्वतः करावा. आधी डब्ल्यूसीच्या मोठ्या 'एल' पर्यायाने नावाची घरे मोजावीत आणि ती रकान्याच्या रुंदीतून वजा करावीत. मग प्रिंटएफला नाव कोणत्याही रुंदीशिवाय द्यावे व त्यापुढे तारकाचिन्हाची रुंदी असलेला रिकामा मजकूर द्यावा. मोकळी जागा एक बाइट, एक संकेतांक व एक घर अशी तिन्ही मापांत सारखीच असते; म्हणून रिकाम्या मजकुराची रुंदी कोणत्याही शेलमध्ये चुकत नाही. उंब्रजनंतर सोळा व शिंगणवाडीनंतर बारा मोकळ्या जागा येतात आणि दोन्ही ओळी विसाव्या घरापर्यंत पोहोचतात. यात एक खाच आहे. नाव रकान्यापेक्षा मोठे असेल तर वजाबाकीचे उत्तर ऋण येते. तारकेला ऋण रुंदी मिळाल्यास प्रिंटएफ ती शून्य न मानता 'डावीकडून मांडणी' असा अर्थ लावते व तितक्याच मोकळ्या जागा भरते. सहाच्या रकान्यात आठ घरांची शिंगणवाडी आली तर पुढे आणखी दोन जागा सुटतात. उत्तर शून्याहून कमी नाही याची तपासणी आधी करून घ्यावी लागते.

झेड-शेलमध्ये हाच हिशेब शेल स्वतः करतो. मजकूर डावीकडे वा उजवीकडे भरण्याच्या त्याच्या खुणांना 'एम' ही खूण जोडली की तो संकेतांकांऐवजी घरे मोजतो.

मोजणी पूर्णपणे टर्मिनलवर सोपवण्याचेही मार्ग आहेत. टॅब हे चिन्ह लेखणबिंदूला पुढील थांब्यावर नेते आणि थांबे मूळ स्थितीत दर आठ घरांवर असतात. बिंदू कोठे आहे हे टर्मिनलला ठाऊक असल्याने शेल बाइट मोजतो की संकेतांक, याने फरक पडत नाही. वरील दहा नावांपुढे टॅब दिल्यास नऊ नावांचे जिल्हे आठ घरांनंतर सुरू होतील. शिंगणवाडी नेमकी आठ घरे व्यापते, म्हणून तिचा जिल्हा सोळा घरांनंतर जाईल. टॅब्स या आज्ञेने थांबे बारा घरांवर नेले की हाही दोष जातो. दुसरा मार्ग नियंत्रण-संकेतांचा आहे: एस्केप हे चिन्ह, चौकोनी कंस, आकडा आणि मोठा 'जी' असा क्रम पाठवल्यास बिंदू थेट त्या घरात जातो. हे दोन्ही मार्ग पडद्यापुरतेच आहेत. तोच मजकूर धारिकेत साठवल्यास टॅब वाचणाऱ्या आज्ञावलीच्या मर्जीवर राहतो आणि नियंत्रण-संकेत तर कचरा म्हणून दिसतात.

रंगांसाठीही याच जातीचे संकेत वापरले जातात; ते १९७६ सालच्या एक्मा-४८ या मानकातून आले आहेत. रंगाचे संकेत दिसत नसले तरी प्रिंटएफ त्यांचे बाइट रुंदीत मोजते, म्हणून ते साच्यात रकान्याबाहेर ठेवावेत. आउटपुट टर्मिनलवर जात आहे की धारिकेत, हे टेस्ट आज्ञेच्या 'उणे टी' या पर्यायाने तपासता येते.

== सारखे दिसणारे वेगळे शब्द ==

मोजणी बिघडवणारी आणखी एक बाब मराठीला विशेष लागू आहे. दऱ्या, वाऱ्या अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ हा स्वतंत्र संकेतांक व पाय मोडण्याचे चिन्ह यांनी, किंवा साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह व शून्य रुंदीचा जोडक यांनी. हा जोडक दिसत नाही, पण तीन बाइट घेतो. ॲप या शब्दातील ॲ हा २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये आलेला एकच संकेतांक असू शकतो किंवा अ व अर्धचंद्र अशी जोडी असू शकते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसत असली तरी त्यांचे बाइट भिन्न असतात. ग्रेपने एक रूप शोधले तर दुसरे सापडत नाही आणि एकाच यादीत दोन्ही रूपे असतील तर बाइट मोजणाऱ्या शेलमध्ये रकाने पुन्हा हलतात. यादी छापण्यापूर्वी सेडच्या साहाय्याने एकच रूप ठेवणे इष्ट असते.

== आकडे ==

प्रिंटएफचा 'डी' इंग्रजी अंकच ओळखतो. त्याला १२५ ही संख्या देवनागरी अंकांत दिल्यास ती अवैध संख्या ठरते. म्हणून गणित व मांडणी इंग्रजी अंकांत करून अगदी शेवटी अंक बदलण्याची पद्धत आहे. या बदलासाठी टीआर ही आज्ञा सहज सुचते, परंतु तिची जीएनयू आवृत्ती बाइटमागे बाइट बदलते. एका बाइटाच्या अंकाच्या जागी तीन बाइटांच्या अंकाचा केवळ एक बाइट येतो आणि मजकूर निरुपयोगी होतो. सेडमधील 'वाय' ही आज्ञा यूटीएफ-८ लोकेलमध्ये हे काम बिनचूक करते. देवनागरी अंकालाही एकच घर लागत असल्याने अंक बदलल्यावर रकाने हलत नाहीत. अंक आधी बदलून मग रुंदी दिली तर मात्र बाइटांची सगळी अडचण परत येते.

साच्यातील संख्येआधी एकेरी अवतरणचिन्ह दिल्यास, आधार असेल तेथे, चालू लोकेलप्रमाणे स्वल्पविराम पडतात. लोकेलच्या व्याख्येत पहिला गट तीन अंकांचा व पुढील गट दोन अंकांचे अशी नोंद करता येते, म्हणून १२,३४,५६७ अशी लाखांची मांडणीही मिळू शकते. लोकेल 'सी' असे ठेवल्यास स्वल्पविराम पडत नाहीत, आणि त्याच वेळी बॅशमधील चलाची लांबीही संकेतांकांऐवजी बाइटमध्ये येऊ लागते. ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे अनेकदा अशाच लोकेलमध्ये चालतात. हाताने चालवल्यावर नीट येणारा तक्ता रात्रीच्या कामात बिघडतो तो यामुळे.

== टर्मिनलची मर्यादा ==

सर्व मोजमाप अचूक केले तरी शेवटी मजकूर काढण्याचे काम टर्मिनलचे असते. लिनक्सच्या मूळ मजकूर-पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हाकृती ठेवता येतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते. तेथे मराठी वाचणे जवळपास अशक्य आहे. खिडकीतील टर्मिनलांपैकी काही एकेक घर स्वतंत्रपणे भरतात. वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण वाचताना आधी दिसावी लागते. घराघराने भरणाऱ्या टर्मिनलमध्ये शिंगणवाडीतील पहिली वेलांटी श च्या उजवीकडे राहते. एमएलटर्मसारखी काही टर्मिनले भारतीय लिप्यांची जुळणी करतात. मात्र ब्र हे जोडाक्षर एका आकृतीत बसले तरी त्याच्यासाठी दोन घरे राखलेली असतात, म्हणून उंब्रजमध्ये ज च्या आधी किंचित पोकळी दिसू शकते.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाराष्ट्रात तयार झाले होते. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे, रोमन लिपीसाठी लिहिलेल्या मजकूर-आधारित आज्ञावल्यांत भारतीय लिप्या दाखवता येऊ लागल्या. त्यामागील इस्की हा संकेतसंच १९९१ साली भारतीय मानक क्रमांक १३१९४ म्हणून स्वीकारला गेला. इस्कीमध्ये प्रत्येक वर्ण व चिन्ह एका बाइटात बसे. उंब्रज सहा बाइटांत मावत असे. बाइट व संकेतांक यांच्यातील फरक त्या काळी मराठी लिहिणाऱ्याला जाणवण्याचे कारण नव्हते, पण संकेतांक व घरे यांच्यातील फरक तेव्हाही होता. युनिकोडने सर्व लिप्या एकत्र आणल्या आणि इस्की मागे पडला. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये १२८ जागांचा जो मुख्य गट आहे, त्यातील वर्णांचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला आहे.